दोन रांगांचा कोट

पाण्याचं समीकरण काही केल्या नातीच्या डोक्यात शिरत नव्हतं आणि सकाळी चाचणी होती. या वेळीही भोपळा आणलास तर सहलीला नेणार नाही, असं रसायनशास्त्राच्या सरांनी बजावलं होतं.

शिंपीकाम करणाऱ्या आजोबांनी बटणांचा डबा तिच्यापुढे पालथा केला. "पांढरं ते हायड्रोजन, लाल ते ऑक्सिजन. दोघंही जोडीनंच येतात म्हणतेस ना? मग लाव जुळवून. एकही बटण उरता कामा नये."

तिने दोन पांढऱ्यांच्या मध्ये एक लाल ठेवून पाणी केलं, तर एक लाल उरलं. त्याच्यासाठी आणखी एक पांढरी जोडी आणली, तसं पाणी दोनदा झालं आणि काहीच उरलं नाही. पोरगी टेबलाभोवती नाचली आणि मांडलेला पसारा तसाच टाकून झोपायला पळाली.

त्याच सरांनी आजोबांकडे शिवायला टाकलेल्या नव्या कोटाला तेवढी बटणं लावायची राहिली होती. आजोबांना चष्मा शोधायलाच चष्मा लागायचा आणि रात्रीच्या मंद दिव्यात त्याच्याशिवाय रंग कळायचे नाहीत. पण टेबलावर सहा बटणं दोन रांगांत, कोटाला हवी तशीच मांडलेली होती. "गुणाची गं माझी नात," म्हणत त्यांनी ती त्याच क्रमाने टाचून टाकली. सकाळी सर कोट न्यायला आले आणि घाईघाईत तो अंगावर चढवून शाळेत गेले.

चाचणीत पाण्याच्या आधी कितीचा आकडा लिहायचा, इथेच नात अडली. तिने वर बघितलं. सरांच्या पोटावर दोन रांगा होत्या: पांढरं, लाल, पांढरं. पांढरं, लाल, पांढरं. तिला हसू आवरेना.



"माझ्याकडे काय बघतेस?" सर म्हणाले. "उत्तर काय माझ्या अंगावर शिवलंय?"