मरणाचा शब्द न काढता

"तुमच्या मागे या घराचं काय, असा विचार कधी मनात येतो का हो, बाब?"

विनोदिनीबाईंनी एका दमात विचारून टाकलं आणि चहाची बशी तोंडाला लावली. शिवोलीहून फेरीबोटीत चढल्यापासून हेच वाक्य त्या घोकत होत्या. मयेचं अनाथ मुलांचं घर त्या चालवत. चोपड्याचे कृष्णनाथबाब दर चवथीला, गणपतीच्या सणाला, तिथं नारळ-तांदूळ घेऊन यायचे आणि मुलांच्या पंगतीत बसून जेवून जायचे. मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. बायको कमलाक्षी वारलेली, मूलबाळ नाही आणि नदीकाठी एवढं ऐसपैस घर. त्यांनी मृत्युपत्र करून ते मुलांना ठेवलं, तर भाड्याच्या जागांतून पुन्हा पुन्हा उठण्याची पाळी कधीतरी संपेल, असं संस्थेच्या अध्यक्षांना वाटत होतं. बाईंना पाठवताना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "जपून बोला. मरणाचा शब्द काढू नका."

कृष्णनाथबाब आपल्या ओसरीवरून नदीकडे बघत राहिले.

"येतो ना," ते म्हणाले. "तिन्हीसांजेला तर फारच येतो."

बाईंना धीर आला. "मग कुणीतरी हक्काचं असावं, असं नाही वाटत? घरात पोरं खेळतील. तुमचं नाव राहील. सगळं सांभाळायला मी आहेच."

बाबांनी कप खाली ठेवला. एकदम उठले आणि आत गेले. दुखावले की काय? पण थोड्या वेळाने ते बाहेर आले, ते इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून नीट भांग पाडून. हातात भाजलेल्या काजूंची बशी होती. ती त्यांनी बाईंसमोर ठेवली आणि मघापेक्षा जरा लांबच्या खुर्चीवर बसले.

"माझी ना नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पण या वयात? लोक काय म्हणतील?"

"चांगलंच म्हणतील! मांद्र्याच्या एका गृहस्थांनी गेल्याच वर्षी केलं. सत्तरी उलटली होती त्यांची."

"सत्तरी! घरच्यांनी काही म्हटलं नाही?"

"उलट खूश झाले. त्यांना हाताला धरून कचेरीत घेऊन आली ती त्यांची बायकोच."

बाबांच्या हातातला काजू खाली पडला. दचकले की त्यांची मराठी सुटून तोंडात कोंकणी यायची. "बायल? जिती आसा?"

"चांगली ठणठणीत आहे. तिनंही त्याच दिवशी केलं."

कृष्णनाथबाबांनी खाली पडलेला काजू उचलून बशीच्या कडेला ठेवला.

"मांद्र्याचे लोक फारच पुढे गेले म्हणायचे," ते म्हणाले.

"सोपं असतं हो ते, बाब. दोन साक्षीदार हवेत आणि तुमची सही. मी वकिलांना विचारूनच आले."

"म्हणजे तुमच्याकडून सगळं ठरलेलंच आहे!" बाब कानापर्यंत लाल झाले. "मग करून टाकूया सह्या. पण बाय, नुसत्या सह्यांवर नको. देवळात चार अक्षता तरी पडू देत. कमलाक्षी काही म्हणायची नाही, ती समजूतदार होती. आणि मागणी घालायला तुम्ही स्वतः आलात, हे मला आवडलं."

गोव्यात लग्नाची सुरुवातसुद्धा कचेरीतल्या सहीनेच होते, हे बाईंना त्या क्षणी आठवलं. बशी हातात कलंडली. चहा लुगड्यावर सांडला.

"बाब, मी मृत्युपत्राबद्दल बोलत होते!"

हे त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या, की कुंपणापलीकडे सुंगटांची मासळी सुकत घालणाऱ्या बायका माना वळवून बघू लागल्या.

"मृत्युपत्र? कुणाचं?"

"तुमचं."

बाबांनी आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. भांगावरून एकदा हात फिरवला. आणि मग पोट धरून हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"मी बोहल्यावर चढायला निघालो आणि तुम्ही मला तिरडीवर चढवताय!"

बाईंनाही हसू आवरेना. पण हसता हसता त्यांना आत कुठेतरी चुटपुट लागली. आपल्यासाठी कुणी केस विंचरून बाहेर आलं, असं त्यांच्या आयुष्यात आजवर झालं नव्हतं. त्यांनी पदराने चहाचे डाग पुसले आणि पिशवी उचलली.

"बसा हो," बाब म्हणाले. "घर मुलांचंच. वकील कधी बोलावतो ते कळवा, येऊन सही करतो."

काम झालं होतं. मरणाचा शब्द काढूनही झालं होतं. "देव बरें करूं," असे आभार मानून बाईंनी उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत.

"फक्त एक अडचण आहे," बाब नदीकडे बघत म्हणाले. "कचेरीत जन्म गेला माझा, म्हणून सांगतो. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्न झालं की अर्धं घर बायकोचं होतं. उद्या समजा मी लग्न केलं, तर मुलांना माझं अर्धंच देता येईल. दुसऱ्या अर्ध्याचं काय करायचं?"

पलीकडच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली होती. विनोदिनीबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि काजूंची बशी स्वतःकडे ओढली.

"माझं अर्धंही मुलांनाच," त्या म्हणाल्या.