डासिणीच्या बाटल्या

समजा, पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरून तुम्ही उभे आहात. पलंगावर तुमचे आजोबा तापाने फणफणले आहेत. आणि दारातून एक बाई येते आहे. हातात ट्रे, ट्रेमध्ये सुई. काय कराल? गुपचूप बाजूला व्हाल?

ठिणगी नावाची ती पोर काही बाजूला झाली नाही. दांडा सोडून ती थेट वाटेत उभी राहिली.

"सरक," सिस्टर म्हणाली.

"परवाच तर नेलंत रक्त. प्यायलात की काय?"

आजोबा खोकत खोकत हसले. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या त्या म्हाताऱ्याने नातीला ठिणगी हे नाव उगाच दिलं नव्हतं.

सिस्टर मात्र हसली नाही. तिने ठिणगीला दंडाला धरून बाजूला केलं, आजोबांच्या कोपराची खोबण औषधाच्या बोळ्याने घासली आणि जागा सुकेपर्यंत नुसतीच थांबली. आजोबांना झोंबत असेल म्हणून ठिणगीने फुंकर घालायला तोंड पुढे नेलं.

"मागे हो! तुझ्या तोंडातले जंतू बाटलीत गेले, तर मी पकडू कोणाला?"

एका हातातून रक्त काढून झालं, मग दुसऱ्या हातातून. दोन्हीकडचं वेगवेगळ्या बाटल्यांत. त्या बाटल्यांत जंतूंसाठी खाऊ असतो. रक्तात जंतू लपला असेल, तर तो खातो, वाढतो आणि सापडतो. दोन्ही हातांच्या रक्तात एकच सापडला, तर चोर खरा; नाहीतर कातडीवरचा एखादा भुरटा. सिस्टरने हे ठिणगीला समजावलं नाही, तेवढी माया तिच्यापाशी नव्हती. शिकाऊ नर्सवर ती खेकसत होती, तेव्हा ते ठिणगीच्या कानावर पडलं.

"आणि ताप चढायला लागला की मला हाक मारायची. नंतर नाही, तेव्हाच. डोक्यात शिरलं का?" तिने त्या नर्सला दरडावलं.

ती गेल्यावर ठिणगीने तिचं नाव ठेवून टाकलं : डासीण.

आजोबांच्या उशाशी बसून असणाऱ्या आत्याला नाव आवडलं. आत्याचंही डासिणीशी हाडवैर जमलं होतं. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की आजोबांच्या हृदयाच्या झडपेवर जंतूने घर केलं असावं. तो कोणता हे कळेपर्यंत औषध द्यायचं नाही.

"औषध नाही, नुसती सुई," आत्या सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली. "माणूस बरा करायला आणलाय की रिकामा करायला? माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून आणते मी औषध!"

"आणून तर बघा," डासीण म्हणाली.

त्यानंतर मात्र नवल झालं. आजोबांचा ताप उतरला. ते उठून बसू लागले. त्यांना खाऊ घालायचं काम ठिणगीने त्याआधीच आत्याच्या हातून काढून घेतलं होतं. सफरचंद किसायची, साखर कालवायची, चमच्याचमच्याने भरवायची.

"पोरीच्या हाताला गुण आहे," आत्या शेजारच्या पलंगावरच्या बाईला सांगायची. "नाहीतर ती डासीण!"

डासीण रोज ताप बघायची, कपाळाला आठी घालायची आणि रिकाम्या हाताने परतायची. एकदा अंग जरा कोमट लागलं, तेव्हा तिने पुन्हा दोन्ही हातांतून रक्त नेलं. आधीच्या बाटल्यांत एकाच हाताचा भुरटा सापडला होता; ह्या बाटल्यांत तर काहीच वाढलं नाही.

"बघितलंत? जंतूच नाहीत," आत्या म्हणाली. "आता आम्हाला घरी सोडा."

सोडायचं ठरलंही. पण त्या सकाळी आजोबांना श्वास पुरेना. पावलं सुजली, ओठ निळसर पडले. डॉक्टर धावत आले, नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा बसला आणि डासीण तरातरा आत्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय देत होतात त्यांना?"

"मी? जीभ आवरा, सिस्टर!"

"पिशवी दाखवा."

उत्तराची वाट न बघता तिने आत्याची पिशवी पलंगावर पालथी केली. टॉवेल, कंगवा, अर्धवट विणलेली बंडी, गोळ्यांची डबी.

"ह्या कसल्या?"

"माझ्या रक्तदाबाच्या! देवाशपथ माझ्या आहेत!" आत्याचा आवाज फाटला. वॉर्डातली माणसं माना उंच करून बघू लागली.

"दाराशी कोण आहे?" डासीण ओरडली. "ह्यांना बाहेर न्या. पुन्हा आत सोडायचं नाही."

रखवालदाराने आत्याच्या दंडाला धरलं. आत्या रडू लागली.

"अर्ध्यामुर्ध्या औषधाने जंतू मरत नाही हो, दडी मारतो," डासीण म्हणाली. तिचाही आवाज आता धड राहिला नव्हता. "ताप नाही, बाटलीत काही नाही, आणि आत तो झडप कुरतडतोय. कोणती गोळी ते सांगा. तेवढं कळलं तरी डॉक्टरांना पुढचं ठरवता येईल. नाहीतर हा माणूस जाईल."

"मला माहीत नाही!" आत्या दारातून किंचाळली.

"तिला नाहीच माहीत," ठिणगी म्हणाली.

सगळे वळले.

"ताप नसला की तुम्ही सुई आणत नाही ना, म्हणून," असं म्हणत तिने मोज्यात बोटं घातली, मागे स्वतःचा घसा दुखत होता तेव्हा मिळालेल्या गोळ्यांची जवळजवळ रिकामी पट्टी बाहेर काढली आणि डासिणीच्या हातावर ठेवली.