कोशिंबिरीचं पातेलं

जेवणाचा भोंगा झाला. कामगार ताटं घेऊन रांगेला लागले आणि ते ओळखीचे चेहरे पाहून कारखान्याच्या आचाऱ्यानं, दगडूनं, कोशिंबिरीचं पातेलं लाथेनं उलटं केलं.

कँटीनचा कंत्राटदार वाळुंज धावत आला. त्यानं दगडूच्या कानाखाली जाळ काढला, मग झारा उचलून पाठीत हाणला. "माजलास का रे?"

दगडूचा ओठ फुटला होता. "सकाळीच सांगितलं होतं शेठ, रात्रभर उलट्या-जुलाब झालेत, सुट्टी द्या. तुम्ही जबरदस्तीनं उभं केलंत. कोपरापर्यंत हात घालून कालवलंय मी ते. खाल्लं असतं तर अख्खी शिफ्ट आडवी झाली असती."

"जुलाबानं कोण मरत नाही," म्हणत वाळुंजनं त्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. दगडू भडाभडा ओकला, थेट वाळुंजच्या हातांवर.

वाळुंजचा चेहरा पांढराफटक पडला. मोरीकडे पळत जाऊन त्यानं नळ सोडला. "साबण कुठाय? अरे, साबण द्या कुणीतरी."

दगडूनं बाहीनं रक्त पुसलं. "तुम्हीच बंद केलात ना शेठ. कामगार फार वापरतात म्हणून."