तिचा पहिला रोबो

तिने खेळात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचं खातं उघडलं, तेव्हा दादाचे मित्र तिच्या खुर्चीमागे गर्दी करून उभे होते. पडद्यावर लढाईसाठी सज्ज असे महाकाय रोबो ओळीने उभे होते आणि त्यातला एकच निवडायचा होता.

"हलका, पळणारा घे गं. नवीन आहेस," एक जण म्हणाला.

"अरे, उस्तादांना विचारा की! आख्ख्या शाळेत याला हरवणारा कोणी नाही," दुसऱ्याने दादाच्या पाठीवर थाप मारली. दादा नुसताच हसला.

तिने मात्र गोगलगायीच्या चालीने चालणाऱ्या, सगळ्यात अवजड रोबोवर बोट ठेवलं. "हाच! हा गोळ्यांना भीक घालत नाही."

"छोटे, हा चालवायला शिकण्यात जन्म जाईल तुझा!" सगळे खो खो हसले.

"बघू या की," म्हणत तिने बटण दाबलं आणि पहिल्याच लढाईत समोरच्या तिघांना आडवं केलं. मित्रांनी तोंडात बोटं घातली.

दादा पाणी आणायच्या निमित्ताने तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि हात जोडून कुजबुजला, "बाई गं, आता रविवारच्या सामन्यात माझ्या खात्यावरून कोण खेळणार?"