तिसऱ्या दिवसाचं पाणी

हौदात सोडलेली काठी वैजयंतीने वर काढली. वीतभरच ओली झाली होती. नळाला पाणी येऊन आज तिसरा दिवस आणि पुन्हा यायला अजून दोन दिवस होते. काठी तिने महेश्वरच्या नाकासमोर धरली, म्हणजे पाहिलं नाही असं म्हणायची त्याला सोय नको.

"खरेदीखताच्या आधी काय म्हणाला होता तुम्ही? सहा माणसांना पाच दिवस पाणी पुरतं. आमी तर चौघंच हाय."

महेश्वरने काठीकडे पाहिलं, मग आईकडे. गौरम्मा हौदाच्या कडेला गुडघे धरून बसली होती. चाळीस वर्षं ती या घरात राहिली. दोन महिन्यांपूर्वी घर विकून मुलगा तिला फ्लॅटमध्ये घेऊन गेला. आज ती हट्टाने त्याच्याबरोबर आली होती. आपण फसवून घर विकलं असं कुणी म्हणावं, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

सोलापुरात घर घेणारा माणूस आधी हौद बघतो, खोल्या मग मोजतो. वैजयंतीनेही तेच केलं होतं. सासऱ्यांना, रामहरींना, केमहून इथे आणायला तिला दोन वर्षं लागली. म्हातारा गाव सोडायला तयारच नव्हता. खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कुठे त्याने मान हलवली. आणि इथे आल्यापासून तो एक दिवसाआड अंघोळ करत होता. तक्रार म्हणून नाही. घामच येत नाही मला, म्हणायचा. काल मात्र त्याने गुपचूप पिशवी भरायला घेतली. मी केमलाच बरा, एवढंच बोलला. वैजयंतीला रडूच आलं. तशीच ती वकिलाकडे गेली आणि नोटीस लिहून घेतली. दुसरा हौद बांधून द्या, नाहीतर व्यवहार मोडा. नोटीस आता आत टेबलावर होती, फक्त पाठवायची राहिली होती.

गवंडी दोनदा हौदात उतरला होता. चीर नाही, गळती नाही. हौदच लहान आहे, तीन दिवसांपुरताच, असं सांगून तो मोकळा झाला. म्हणजे महेश्वरने धडधडीत थाप मारली होती आणि वर सिद्धरामेश्वराची शपथ घेत होता.

"अव्वा, तूच सांग यांना," तो म्हणाला.

"पुरायचं की," गौरम्मा म्हणाली. "तिसऱ्या दिवसापासनं जरा खारट लागायचं, तेवढंच. हौदाचा चुना उतरतोय म्हणायचे आमचे मालक. पण पुरायचं."

वैजयंतीने नकारार्थी मान हलवली. पाणी संपायचं, पण एक दिवसही खारट लागलं नव्हतं. गौरम्माने ओंजळभर पाणी मागून घेतलं. तोंडात घोळवून ते गिळलं. मग तिने वाकून हौदाच्या आत, वरच्या अंगाला हात फिरवला.

"हितं पाईप हुता. जादा पाणी जायला."

तो बुजवून टाकला होता. राहायला आल्या आल्या वैजयंतीने घरातली झाडून सगळी भोकं सिमेंटने बुजवून घेतली होती. उंदीर नकोत, पाली नकोत, घरात आजारी माणूस. त्यात हा पाईपही गेला. तो भिंतीपलीकडे शेजारच्या काशम्माच्या अंगणात उघडायचा, असं महेश्वर म्हणाला.

आईसमोर ते नाव निघताच त्याने जीभ चावली. एकोणीस वर्षांपूर्वी हौद भरून वाहिला, या पाईपातून पाणी काशम्माच्या अंगणात गेलं आणि तिने वाळत घातलेली दोन पोती ज्वारी भिजली. त्यावरून गौरम्माचं आणि तिचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून भिंतीला भिंत, पण बोलणं बंद. गौरम्माचा नवरा गेला तेव्हा काशम्मा दारापर्यंत आली, उभी राहिली आणि न बोलता परत गेली.

"महेश्वर, फोड ते," गौरम्मा म्हणाली. कशाला, ते काही सांगेना.

वैजयंतीने छिन्नी-हातोडी आणून दिली. पाच-सहा घावांत सिमेंट निघालं. पलीकडे कुणीतरी पाय ओढत आलं. मग पाईपातून एका हिरव्या नळीचं तोंड हळूहळू आत सरकलं आणि हौदात पाणी पडू लागलं.

काशम्माकडे बोअर होती, खाऱ्या पाण्याची. गौरम्माने पडत्या पाण्याखाली हात धरला आणि चव घेतली. तेच पाणी होतं. दर तिसऱ्या दिवशी, ती दुपारची जरा आडवी झाली की झाकलेल्या हौदात पडत आलेलं. तिचे डोळे भरून आले.

पलीकडून आवाज आला, "भोक बुजवल्यालं बघून वाटलं, नव्या मानसांना आमचं पाणी नगं आसंल."

वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने ती ज्याला खोटारडा म्हणत होती तो समोर उभा होता, आणि पाणी तिने स्वतःच्या हाताने तोडलं होतं. तिने दाराकडे वळून सासऱ्यांना हाक मारली.

"मामा, पिशवी ठेवा खाली. अंघोळीला पाणी हाय."

गौरम्मा मुलाचा हात धरून उठली आणि भिंतीपाशी गेली.

"काशम्मा, आगं, आपलं तर बोलणं बंद हुतं."

"बोलणं बंद हुतं," पलीकडून उत्तर आलं. "तुजी बादली तळाला घासल्याली ऐकू यायची की."