सव्विसावा भाग

"सहा भाग," निर्मातीबाई म्हणाल्या. "फार तर आठ. जुन्या आठवणींवर लोक तेवढंच बघतात. पण कथा तुमची आहे, आकडा तुम्हीच सांगा."

लेखक टेबलापलीकडे बसलेल्या कप्तानाकडे पाहत होता. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या एका मालिकेत अंतराळयानाचा हा कप्तान पडद्यावर हसला, की घरोघरी हातातला घास हातात राहत असे. आता त्याच्या केसांना कलप होता आणि बोटांना किंचित कंप.

"आठ भागांत काय होतंय, बाई?" कप्तान काकुळतीने म्हणाला. "माझा चेहरा लोकांना पुन्हा ओळखीचा व्हायलाच दहा भाग जातील! परवा दवाखान्यात माझं नाव पुकारलं, एकानंही मान वर केली नाही. नातीला म्हटलं, मी टीव्हीवर होतो. तर म्हणते, आजोबा, थापा मारू नका." तो लेखकाकडे वळला. "डब्या, तू तरी सांग की यांना!"

निर्मातीबाईंच्या भुवया वर गेल्या.

"जुनं नाव आहे माझं," लेखक शांतपणे म्हणाला.

त्या मालिकेत यानावर एक पोलादी यंत्रमानव होता आणि त्या पोलादाच्या आत हा लेखक होता. पाठीमागे आठ स्क्रू; आतून उघडण्याची सोय नव्हती. गळ्याशी पत्र्याची कड काचे. तिचा व्रण आजही सदऱ्याच्या कॉलरखाली यत्किंचितही फिका झालेला नव्हता. एकदा उष्म्याने त्याची शुद्ध हरपली, तेव्हा हाच कप्तान म्हणाला होता, "राहू द्या रे, डब्याला काय होतंय! आधी शॉट संपवा." आणि सारा सेट खदखदून हसला होता.

ते सारे त्याने सोसले, ते केवळ सव्विसाव्या भागासाठी. त्या अखेरच्या भागात मुखवटा उतरणार होता आणि आतला माणूस जगाला दिसणार होता. त्याच्या आईने तसे गल्लीभर सांगून ठेवले होते. गल्ली मात्र मनातल्या मनात हसत होती. डब्यातला माणूस हिचाच मुलगा, याला पुरावा काय?

पंचविसावा भाग झाला आणि कप्तानाला चित्रपट मिळाला. "आता पुरे," तो म्हणाला. डब्याने हात जोडले, "एकच भाग करा हो, साहेब." तेव्हा कप्तानाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "एका भागानं काय फरक पडतो रे?"

मालिका बंद झाल्याचे आईला सांगण्याचा मुलाला धीर झाला नाही. ठरल्या वेळी तिने खोलीत बारा खुर्च्या मांडल्या. शेजारीपाजारी येऊन बसले. पडद्यावर शेतीविषयक माहितीपट लागला. आईने उठून संच बंद केला. मुलाला ती एका शब्दानेही बोलली नाही. तथापि, त्या दिवसानंतर ती गल्लीकडच्या खिडकीत कधीच बसली नाही.

"दोनशे," लेखक म्हणाला.

निर्मातीबाईंच्या हातातले पेन थांबले. "दोनशे भाग?"

"होय. कथा तेवढी आहे. प्रत्येक भागात कप्तान."

कप्तानाचे डोळे भरून आले. "डब्या! अरे, मला वाटलं होतं तू उट्टं काढशील."

"छे! तुम्हाला मी एक दिवसही विसरलो नाही, साहेब."

"बाई, करारात लिहून घ्या," कप्तान घाईने म्हणाला. "मला मध्येच कुणी काढायचं नाही."

"मग तुम्हालाही मध्येच सोडता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"सोडतोय कशाला? हाकलून दिलंत तरी जाणार नाही!"

"माझी एकच अट," लेखक म्हणाला. "शेवटचा भाग करायचा की नाही, ते मी ठरवणार."

कप्तान मोठ्याने हसला. "घे, तीही घे! दोनशेत एका भागानं काय फरक पडतो रे?"

"तेच तर," लेखक म्हणाला.

बाईंनी या अटी करारात लिहिल्या आणि करारासोबत पहिल्या भागाची संहिता पुढे सरकवली. "नीट वाचा. मगच सही करा."

कप्तान पाने उलटू लागला. दोन संवादांमधला बारीक मजकूर वाचण्याची सवय त्याला कधीच नव्हती. तो आपले नाव शोधी आणि आपली वाक्ये मोजी. "वा! पानापानावर कप्तान!" तो म्हणाला आणि करारावर लफ्फेदार सही करून मोकळा झाला.

तेवढ्यात शिंपीकाका फीत घेऊन आले. त्यांनी डोके मोजले, खांदे मोजले, गळा तर दोनदा मोजला.

"काका, पोट राहिलं की! वाढलंय हो ते."

"वाढू द्या, साहेब. पोट कुणाला दिसणार नाही, अशी सोय केलीय." काका लेखकाकडे वळले. "गळ्याशी किती सैल ठेवू?"

"जुन्याच मापाचं ठेवा."

"बघा! माझं जुनं मापसुद्धा लक्षात आहे पठ्ठ्याच्या!" कप्तानाने गहिवरून लेखकाला मिठी मारली. मग नातीला फोन लावीत तो बाहेर पडला. जिन्यावरून त्याचा आवाज येत होता, "खुर्च्या मांडून ठेव ग, सगळ्या मैत्रिणींना बोलाव. आता बघशील आजोबा!"

लेखकाने टेबलावरची संहिता सरळ केली. कॉलरखालच्या व्रणावर एकवार बोट फिरवले. मग पान तीनवरचा, कप्तानाच्या दोन वाक्यांमधला बारीक मजकूर त्याने पुन्हा एकदा सावकाश वाचला :

'स्फोट. कप्तानाचा देह भस्मसात. मेंदू पोलादी यंत्रमानवात बसवला जातो. येथून पुढे कप्तान म्हणजे तो यंत्रमानव. मुखवटा उतरतो तो थेट शेवटच्या भागात.'