वरचा फोल्डर

थोरल्या वहिनीकडे पाठ करून बसायचं, हे जयवंतचं वळण भागीरथीबाईंना खपलं नाही. घरच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कोडवरून संगणकाने काढलेलं मॉडेल तो पडद्यावर दाखवत होता. नुसते चौकोन आणि बाण: चौकोन म्हणजे कोडचा एकेक भाग, बाण म्हणजे तो कुठल्या भागाच्या आधारावर चालतो ते.

"आई, सगळं काम माझं. वहिनीचा एक चौकोन नाही. कंपनी माझ्या नावावर कर."

"भावजींनी रूट फोल्डर, म्हणजे संगणकाने जिथून वाचायचं तो, स्वतःचाच दिलाय," सून इंदुमती म्हणाली. "संगणक त्याबाहेर बघतच नाही. सगळ्यांचं काम ज्यात आहे तो वरचा द्यायला हवा."

"दे मग," बाई गुरकावल्या.

मॉडेल पुन्हा निघालं. जयवंतच्या प्रत्येक चौकोनाचा बाण आता इंदुमतीच्या चौकोनांवर जाऊन टेकत होता.

"घराचा फोटो काढलास आणि वहिनीला दाराबाहेर उभं केलंस," बाई म्हणाल्या. "कंपनी तिची. तू तिच्या हाताखाली राबायचं, नाहीतर चालू लागायचं."